परित्त : दुःखाच्या वेळी म्हणायचे शब्द

राजगृहाजवळच्या वेळुवनात बुद्ध आजारी होते. दुखणे किरकोळ नव्हते. वेदना तीव्र होत्या, अशी संयुत्त निकायात नोंद आहे. महाचुंद नावाचे शिष्य संध्याकाळी भेटीला आले आणि वंदन करून एका बाजूला बसले. बुद्धांनी त्यांच्याकडे औषध मागितले नाही. सात बोध्यंगे म्हणून दाखव, एवढेच सांगितले. बोध्यंगे म्हणजे ज्ञानप्राप्तीची सात अंगे : स्मृती, धर्माची पारख, उत्साह, प्रीती, शांतपणा, समाधी आणि उपेक्षा. ती शिकवणारे बुद्धच. आणि अंथरुणावर पडल्यापडल्या तीच त्यांना शिष्याच्या तोंडून ऐकायची होती. चुंदांनी ती म्हटली, बुद्धांना समाधान वाटले आणि ते त्या दुखण्यातून उठले, असे सुत्त सांगते.

याच्या शेजारीच आणखी दोन सुत्ते आहेत. त्यांत आजारी आहेत महाकाश्यप आणि मोग्गल्लान, आणि म्हणणारे बुद्ध. तिन्ही एकत्र वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. आजाऱ्याला यांतले काहीही नवे नव्हते. तिघांनाही ती अंगे मुखोद्गत होती. परंतु वेदनेने मन ठिकाणावर नसते, तेव्हा माहीत असलेली गोष्टही हाताला लागत नाही. ती दुसऱ्या कोणीतरी आवाजात आणून समोर ठेवावी लागते. बौद्धांच्या पठणपरंपरेचे मूळ मला या खाटेपाशी दिसते. आपल्याकडे पठण म्हटले की अनुष्ठान, जप, नवस डोळ्यांसमोर येतात. तिथे वरच्या कोणाकडे काही मागणे असते. वेळुवनात मागणे नव्हते, आठवण करून देणे होते.

हा भेद मी माझ्या पदरचा घालीत नाही. असिबंधकपुत्त नावाचा एक गावप्रमुख नालंदेच्या आमराईत बुद्धांकडे आला होता. पश्चिमेकडचे ब्राह्मण मेलेल्या माणसाला मंत्राने स्वर्गात पोहोचवतात म्हणे, तुम्हालाही तसे करता येईल काय, असा त्याचा प्रश्न होता. बुद्धांनी त्याला विचारले, कोणी मोठा धोंडा खोल डोहात टाकला आणि गावच्या गाव काठावर जमून हात जोडून 'धोंड्या, वर ये' म्हणून प्रार्थना करू लागले, तर तो वर येईल का? आणि तुपाचे मडके पाण्यात फुटले, खापऱ्या तळाला गेल्या, तर 'तुपा, खाली जा' म्हटल्याने तूप बुडेल का? माणसाचे कर्म धोंड्यासारखे असते किंवा तुपासारखे. काठावरच्या गलक्याने त्यात फरक पडत नाही. मंत्राने फळ मिळते या समजुतीवर इतका सोपा आणि इतका नेमका घाव क्वचितच कोणी घातला असेल.

मग ज्या परंपरेत धोंड्याची ही गोष्ट सांगितली जाते, त्याच परंपरेत अडीच हजार वर्षे माणसे आजाऱ्याच्या उशाशी, बाळंतिणीच्या दाराशी आणि मयताच्या घरी पाली गाथा म्हणत आली, हे कसे?

या गाथांना पालीत 'परित्त' म्हणतात. रक्षण असा त्याचा अर्थ. श्रीलंकेत त्याचे 'पिरित' झाले. प्रत्येक परित्तामागे एखादे संकट आहे. साप चावून भिक्षू मेला तेव्हा खंध परित्त सांगितले गेले. त्यात सर्पकुळांविषयी मैत्रीची भावना करायची आहे. रानात एकट्या राहणाऱ्या भिक्षूला भय वाटू लागले तर काय आठवावे, हे धजग्ग सुत्तात आहे. गिरिमानंद आजारी पडला, तेव्हा बुद्धांनी आनंदाला दहा प्रकारच्या विचारांचा पाठ देऊन त्याच्याकडे पाठवले. त्यातला पहिला विचार अनित्यतेचा आणि शेवटचा श्वासाकडे लक्ष देण्याचा. रतन सुत्ताची जन्मकथा अट्ठकथेत आहे : वैशालीत दुष्काळ, रोगराई आणि भुताखेतांची भीती पसरली, तेव्हा आनंदाने हे सुत्त म्हणत, बुद्धांच्या पात्रातले पाणी शिंपडत नगराला फेरी घातली. हे पाणी शिंपडणे धोंड्याच्या गोष्टीशी कसे जुळवावे, हा प्रश्न वाचकाला पडावा. मलाही पडतो, आणि अट्ठकथा ही मूळ सुत्तांपेक्षा बरीच उशिराची, एवढ्यावर तो सुटत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते अंगुलिमालाचे. शेकडो माणसे मारलेला हा दरोडेखोर भिक्षू झाला आणि श्रावस्तीत भिक्षेला फिरत असताना त्याला एक अडलेली बाई दिसली. पोर आडवे आले होते. त्याचे मन कळवळले. बुद्धांनी त्याला सांगितले, जा आणि तिला म्हण की जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझे व बाळाचे कल्याण होवो. अंगुलिमाल म्हणाला, हे तर धडधडीत खोटे होईल. तेव्हा बुद्धांनी शब्द दुरुस्त केले : आर्यांच्या कुळात, म्हणजे भिक्षू म्हणून, जन्मल्यापासून. तेवढे खरे होते. तेवढे तो बोलला आणि बाई सुखरूप सुटली. लंकेत आजही गरोदर बाईसाठी अंगुलिमाल पिरित म्हणतात. त्याने प्रसूती सुलभ होते की नाही, हे डॉक्टरांनी सांगावे. पण ते म्हणणारा मूळचा कोण होता? हात रक्ताने माखलेला माणूस. आणि ज्यात खोट नाही असे एकच वाक्य त्याच्यापाशी शिल्लक होते. पठणाचा त्या बाईला उपयोग झाला तितकाच त्यालाही झाला असावा.

या परंपरेची उलटतपासणीही फार जुनी आहे, आणि ती एका यवन राजाने केली. सागल म्हणजे आजचे सियालकोट मानतात. तिथला मिलिंद, ग्रीकांचा मिनँडर, याने नागसेन भिक्षूला पेचात धरले. मृत्यूच्या पाशातून कोणी सुटत नाही असे बुद्ध म्हणतात, मग परित्ते कशाला सांगितली? दोन्ही खरे कसे? नागसेनाने उत्तर चुकवले नाही. ज्याचे आयुष्य सरले त्याला परित्त वाचवू शकत नाही, हे त्याने सरळ मान्य केले. वाळून कोळ झालेल्या झाडाला हजार घागरी पाणी घातले तरी पालवी फुटत नाही. ज्याचे आयुष्य शिल्लक आहे त्यालाच उपयोग. आणि त्यातही जुने कर्म आडवे आले, मनात मळ असला किंवा श्रद्धा नसली तर नाही. अन्नाने माणूस जगतो, पण अधाशासारखे खाणारा त्यानेच मरतो, असा दाखलाही त्याने दिला. 'मिलिंदपञ्ह' वाचताना जाणवते ते असे की, पठणाची बाजू घेणाराच त्याच्या मर्यादा सांगतो आहे. असे वकील थोडे.

मर्यादा सांगितल्या म्हणून लोक त्या पाळतात असे नाही. लंकेत चौथ्या शतकात उपतिस्स राजाच्या काळी दुष्काळ व रोगराई आली तेव्हा वैशालीचाच कित्ता गिरवून रतन सुत्ताची फेरी काढण्यात आली, असे वंशग्रंथ सांगतो. पुढे पिरितसाठी मंडप आले, मनगटाला बांधायचा दोरा आला, मंतरलेले पाणी आले, रात्रभराची आणि सात दिवसांची पिरिते आली. सकाळी रेडिओवर पिरित लागते. दोरा आणि पाणी आले की शब्दांकडे दुर्लक्ष होते, हे माझे मत. पण रात्रभर आजाऱ्याच्या घरी अख्खे गाव जागे राहते, यात आजाऱ्याला काहीच मिळत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

हे सारे लंकेचे, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याने कार्ल्याच्या चैत्यगृहात जावे. तिथल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या दात्याचा लेख आहे आणि त्यात त्याची ओळख 'भाणक' अशी दिली आहे. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत ठेवून म्हणून दाखवणारा. ग्रंथ पाठांतरावर जगत होते तेव्हा हे लोकच चालतेबोलते ग्रंथालय होते. वसईजवळचे सोपारे ते लोणावळ्याजवळचे कार्ले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या घाटवाटांवर तो आवाज होता. 'महावंस' तर अशोकाच्या काळी महारट्ठात महाधम्मरक्खित आणि वनवासात, म्हणजे बनवासीत, रक्खित थेर आल्याचे सांगतो. आज ज्यांच्यामध्ये आपण सीमारेषा ओढून बसलो आहोत, त्या दोन्ही मुलखांची नावे तिथे एकाच यादीत आहेत. नंतर हा आवाज बंद पडला, तो कित्येक शतके.

तो मराठीत परत आणण्याचे पहिले मोठे श्रेय एका गोवेकराचे. धर्मानंद कोसंबी १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे जन्मले. शिक्षण जेमतेम, लग्न लहानपणी झालेले, नारळीच्या बागांची देखभाल, प्रपंचाची ओढाताण आणि मनाला सतत पोखरणारी उदासी. 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी ती लपवलेली नाही. १८९७ च्या सुमारास 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटे चरित्र वाचले आणि त्या दिवसांत आधार सापडला तो तिथे. पुढे गोविंद नारायण काणे यांनी मराठीत आणलेले बुद्धचरित्र ते पुन्हा पुन्हा वाचत आणि वाचताना रडत. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कलकत्ता असे करीत १९०२ साली ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पोहोचले आणि श्रामणेर झाले. शरणगमन आणि दहा शिक्षापदे त्यांनी पालीत उच्चारली. मागे घरी बायको आणि लहान मुलगी होती. या बाजूचा हिशेब चरित्रकार हळुवार हाताने उरकतात, तो तसा उरकू नये.

कोसंबींचे वेगळेपण असे की, त्यांनी पाली शब्द मंत्र म्हणून परत आणले नाहीत, अर्थासह आणले. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. त्याच बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांचे 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक झाले. खुद्दकपाठ हा बौद्धांचा अगदी प्राथमिक पाठ. मंगल, रतन आणि मेत्त ही परित्ते त्यातच येतात. त्याला त्यांनी 'लघुपाठ' म्हणून मराठी केले. आजाऱ्याच्या उशाशी काय म्हणतात, हे मराठी माणसाला मराठीतून कळण्याची सोय अशी झाली.

अर्थ कळला पाहिजे की नाही, यावर बौद्धांतही दोन मते आहेत. 'अट्ठसालिनी'त पाचशे वटवाघळांची गोष्ट येते. गुहेत भिक्षू अभिधम्माचे पठण करीत असत, वटवाघळे ते ऐकत; अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता, पण नुसत्या आवाजाच्या गोडीने त्यांना पुढे चांगला जन्म मिळाला. दुसरीकडे 'धम्मपद' सांगते की, निरर्थक हजार शब्दांपेक्षा ऐकून मन शांत होईल असा एक सार्थ शब्द बरा; आणि पुष्कळ म्हणूनही तसा न वागणारा माणूस दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा. माझा कौल धम्मपदाकडे. तरी वटवाघळांची बाजू अगदीच लंगडी नाही. इटलीतील लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळ म्हणताना आणि तिबेटी बौद्धांचा मणिमंत्र म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते, असे त्यांना आढळले. म्हणजे सावकाश, ठरलेल्या लयीत म्हणण्याचा शरीरावर काही परिणाम होतो. शब्द कुठल्या धर्माचे आहेत हे फुप्फुसाला कळत नाही. गिरिमानंदाच्या पाठात दहावा विचार श्वासाचा आहे, हे इथे सहज आठवते.

आणि मग १९५६. नागपुरात १४ ऑक्टोबरला, कुशीनगरच्या वृद्ध चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेब आंबेडकर व माईसाहेबांना पालीत त्रिसरण आणि पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी लाखो लोकांकडून तेच म्हणवून घेतले आणि बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या. त्या प्रतिज्ञांकडे एका वेगळ्या बाजूने पाहावे असे मला वाटते. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून कोणतेही क्रियाकर्म करवून घेणार नाही. उत्तम. पण दुसऱ्याच दिवशी घरात कोणी वारले तर? मयताभोवती बसून काय म्हणायचे? पोराचे नाव ठेवताना, लग्न लावताना तोंडातून कोणते शब्द काढायचे? जुने शब्द मान खाली घालायला लावणारे होते, म्हणून टाकले. परंतु दुःखात माणूस मुका राहू शकत नाही. धर्मांतराच्या राजकीय चर्चेत हा प्रश्न सहसा निघत नाही. तो वस्तीतल्या बायकांना पडलेला असणार.

बाबासाहेबांना तो आधीच दिसला होता. मे १९५० मध्ये ते कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, १९५४ साली रंगूनला. लंका-ब्रह्मदेशातले विधी त्यांनी पाहिले. नंतर स्वतः 'बौद्ध पूजापाठ' तयार केला. तो आता त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात पाली व्याकरण आणि शब्दकोशाच्या सोबत छापलेला आहे. आयुष्यभर तर्काने लढलेला, कर्मकांडावर कोरडे ओढणारा हा माणूस उतारवयात, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने बेजार असताना वंदनेच्या गाथा जुळवीत बसला, याचे काही बुद्धिवाद्यांना नवल वाटते. मला यात विसंगती दिसत नाही. धोंडा वर येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. काठावर उभ्या असलेल्यांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता.

त्यांची शेवटची रात्र ५ डिसेंबर १९५६ ची. दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या बंगल्यात नानकचंद रत्तू पाय चेपीत होते. बाबासाहेब डोळे मिटून हलक्या आवाजात त्रिसरण गुणगुणत होते. मग बुद्धगीतांची तबकडी लावायला सांगितली. रत्तूंनी सांगितलेली ही हकीकत धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. सकाळी ते गेलेले आढळले. ७ डिसेंबरला दादरला चितेपाशी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्यांना दीक्षा दिली. दीक्षा बाबासाहेबांच्या हातून घ्यायची म्हणून थांबलेले लाखाहून अधिक लोक तेच त्रिसरण म्हणाले. नागपुरात नेमके त्याच दिवसांत इंग्रज भिक्षू संघरक्षित येऊन पोहोचले होते. सैरभैर झालेल्या वस्त्यांमधून ते चार-पाच दिवस सभा घेत फिरले. जेमतेम आठ आठवड्यांपूर्वी शिकलेले शब्द, आणि त्यांची पहिली कसोटी ही.

पुढे भिक्षू मोजके आणि वस्त्या अगणित, तेव्हा भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य तयार झाले : गिरणीतले, रेल्वेतले, शाळेतले साधे गृहस्थ. लग्नाला जयमंगल अष्टगाथा, वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' याचे वाचन, मयताला त्रिसरण-पंचशील आणि अनित्यतेची गाथा. म्हणायला जात लागत नाही, सोवळे लागत नाही, बाईला मज्जाव नाही. खिशात मावणारी वंदनेची पुस्तिका देवनागरीत मिळते तशी आपल्या पलीकडच्या गल्लीत कानडी लिपीतही मिळते. एकाच घरातली सून कानडीतून वाचते, सासू मराठीतून, म्हणताना अक्षरांचा फरक उरत नाही. 'सरणं' की 'शरणं' यावर मात्र वाद होतात. संस्कृत कानाला सवयीचा 'श' सुटत नाही, आणि जाणती मंडळी दरवेळी टोकतात. टोकावेच. त्याबरोबर अर्थही एकदा मराठीत, एकदा कानडीत सांगावा. पुष्कळ ठिकाणी तो सांगितला जात नाही, आणि मोबाइलवर लावून ठेवलेल्या वंदनेत तो कोणी विचारतही नाही.

मयताच्या घरी मात्र मोबाइल लावून भागत नाही. तिथे माणसे लागतात. पंचवीस-तीस जण खाली बसलेले असतात, बौद्धाचार्य एक ओळ सांगतात, बाकीचे मागून म्हणतात. ज्याचे माणूस गेले त्याचा आवाज तिसऱ्या-चौथ्या ओळीला फुटतो आणि थांबतो. इतरांचा चालूच असतो. तो नाक पुसतो, थोडा वेळ नुसता ऐकतो, आणि पुढच्या एखाद्या ओळीला पुन्हा त्यांच्यात मिळतो.